अफीफची अर्धी वाट

शादाबची गाडी याही खेपेला आधीच येऊन उभी होती.

"बघा, म्हटलं नव्हतं मी?" भाड्याच्या इस्तराहाच्या फाटकातून गाडी आत घेता घेता कादिरने स्टिअरिंगवर थाप मारली. "साहेब आपल्या आधी हजर! यांचं बरं आहे बुवा. घरातून उठले की अफीफ."

मागे झयान आणि मेहेकच्या मधे बसलेल्या हफीजाअम्मी हसल्या. धाकट्या लेकाचं कौतुक त्यांना कुठल्याही निमित्ताने चालायचं. कादिरची बायको कुबरा मात्र हसली नाही. जेद्दाहून निघाल्यापासून तिचं कशातच लक्ष लागत नव्हतं. ताइफचा घाट चढून गाडी उघड्या माळाला लागली, पोरांनी चिप्सची दोन पाकिटं संपवली, अम्मींची तसबीह तीनदा फिरून झाली, तरी ते काही लागलं नाही.

कारण होता मेहनाजचा फोन. धाकट्या जावेचा फोन तसा नेहमीच यायचा, पण गेल्या आठवड्यात तिने इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलता बोलता सांगून टाकलं होतं, "भाभी, अफीफची ही शेवटची खेप हं. ईदच्या सुट्टीला दुसरं काहीतरी ठरवू. विमानाने जाऊ कुठंतरी." कुबराने "बघू की" म्हणून फोन ठेवला. पण 'शेवटची' हा शब्द कानातून जाईना.

आता अफीफला पाहण्यासारखं काय आहे म्हणाल, तर काही नाही. एक लांबलचक रस्ता, पेट्रोल पंप, बकऱ्यांचा बाजार, बुखारी भाताची दुकानं आणि वारा. कुणी तिकीट काढून पाठवलं तरी सुट्टीला जाऊ नये असं गाव. पण वहाबअब्बांनी ते या घराच्या गळ्यात बांधून ठेवलं होतं. दोघे भाऊ जेद्दात एकाच कंपनीत होते तेव्हा त्यांचं असं काही वाजलं, की शादाब बिऱ्हाड उचलून रियाधला निघून गेला. पुढच्या वर्षी अब्बा रत्नागिरीहून आले, उमरा केला, आणि लेकांना बजावलं, "मी कुणाच्याच दारात आधी जाणार नाही. दोघांनी अर्धी अर्धी वाट या. मधे जे गाव लागेल तिथे मी बसतो." जेद्दा आणि रियाधच्या मधोमध लागलं ते अफीफ. असल्याच एका भाड्याच्या इस्तराहात, उंच भिंतींच्या आतल्या त्या दोन खोल्या आणि अंगणात, दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. अब्बांनी तिथल्या तिथे शब्द घेतला, की पोरांच्या शाळेला सुट्टी लागली की दोघांनी अर्ध्या वाटेवर यायचं. अब्बा जाऊन सहा वर्षं झाली होती. शब्द अजून चालत होता.

आणि तो मोडला तर काय होईल, हे कुबराला लख्ख दिसत होतं. भांडण वगैरे होणार नाही. ते परवडलं असतं. पण एका सुट्टीला हे बाकूला, ते दुबईला; पुढच्या सुट्टीला ते कुठे आणि हे कुठे. मग ईदला मोबाईलवर चंद्र-तारे पाठवायचे, आणि मेहेकला चुलती कोण ते फोटोत दाखवायचं. कुबराच्या पाठीला पाठ लावून आलेली बहीण नव्हती. सौदीत एवढी वर्षं काढली ती या एका जावेच्या जिवावर, आणि तीच आता हात सोडवून घेत होती.

"या, या! भाभी, जपून उतरा, पायरी तुटलीय." मेहनाज दारातच उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. चहा तयार, बिस्किटं मांडलेली. हेही दर खेपेचंच. तिचे डोळे मात्र लाल झालेले दिसले. रात्री उशिरापर्यंत फोन बघत बसत असणार, कुबराने मनात नोंद केली.

"शादाब कुठाय?"

"आत. जरा पडलेत."

शादाब मजलिसच्या खोलीत लोडाला टेकून, पायात बूट तसेच ठेवून, तोंड उघडं टाकून घोरत होता. त्याची सहा वर्षांची लेक मुन्नी त्याच्या पोटावर डोकं ठेवून रंगाची वही रंगवत बसली होती.

"अरेरे, दमला बिचारा!" कादिरने कपाळावर हात मारला. "एवढ्या जवळून येऊन दमला!"

मेहनाजने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग ट्रे खाली ठेवला आणि अम्मींना सलाम करायला वाकली.

*

दुपारचं जेवण रंगलं, त्यात वादच नाही. शादाब कतीफच्या मासळी बाजारातल्या कोल्ड स्टोरेजच्या मेंटेनन्सला होता, त्यामुळे बर्फाच्या पेटीतून हामूर यायचा तो असा की अम्मींनी पहिल्याच घासाला "आपल्या मिरकरवाड्याची आठवण आली रे" म्हणून डोळे टिपले. कुबराने जेद्दाहून सांदणं वाफवून आणली होती. मुन्नीने चार खाल्ली आणि पाचवं खिशात घातलं.

हात धुऊन सगळे अंगणात उन्हाला बसले. हिवाळ्याचं ऊन, भिंतीवरून येणारा गार वारा, अम्मींच्या अंगावर दोन शाली. झयानने मोबाईल काढला. अकरावीत गेल्यापासून घरातली असली कामं त्याच्याकडे होती.

"ओके. ईदची सुट्टी. पाच ऑप्शन आहेत. बाकू, तिबिलिसी, दुबई, बहरीन, अबहा. बाकू इज जस्ट थ्री अवर्स, पप्पा. केबल कार आहे, स्नो आहे. माझ्या क्लासमधले ऑलमोस्ट सगळे जाऊन आले."

"दुबई!" मेहेक ओरडली. "मला ती मोठी स्लाइड पाहिजे."

"बाकू?" कादिरने तो शब्द तोंडात फिरवून बघितला. "तिथे आपला कोण बसलाय रे?"

"पप्पा, हॉलिडेला आपलं कोणी असावं लागत नाही."

"मग जायचं कशाला?"

यावर सगळे हसले. कादिर खरंच विचारत होता. त्याच्या हिशेबात गाव म्हणजे ज्या गावात आपलं माणूस असतं ते; बाकीचं सगळं नकाशातलं रंगकाम.

"बर्फात मासे मिळतात का गो?" अम्मींनी मेहनाजला विचारलं.

"मिळत असतील, अम्मी. पण विमानाने जायचं म्हणजे बसलं की पोचलं. कुणाला चालवायला नको, कुणाला जागायला नको." मेहनाज थांबली, मग एका दमात म्हणाली, "माझं मत बाकू. नाहीतर तिबिलिसी. कुठंही. पण विमानाने."

"चाची इज राइट," झयान म्हणाला. मेहेकने दुबई सोडून लगेच चाचीच्या मांडीवर डोकं ठेवलं. पक्ष बदलायला या पोरीला वेळ लागत नसे.

"अरे वा, ठरवूनच आलात की सगळे!" कादिर हसत होता, पण आवाज चढला होता. "शादाब, तू बोल. बायकोचं झालं, पुतण्याचं झालं. तुझं काय?"

शादाबने आळस दिला. तो जागा झाला होता, पण डोळे अजून जड होते. "माझं काय, भाई? तू म्हणशील ते. अफीफ म्हण, अफीफ."

"अफीफ नाही," मेहनाज म्हणाली.

मेहनाजने आजवर कादिरसमोर कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. तिला स्वतःलाच तिच्या आवाजाचा धक्का बसल्यासारखा दिसला.

"भाईजान, माफ करा. पण अफीफला मी आता येणार नाही. यांनाही येऊ देणार नाही."

"मेहनाज," शादाब दटावत म्हणाला.

कादिरचा चेहरा पडला. रागावला असता तर कुबराला बरं वाटलं असतं. तो नुसता हातातला कप बघत बसला. "अब्बांनी शब्द घेतला होता," तो म्हणाला. "इतकं जड झालं का तुम्हाला?"

आणि इथे कुबराचा तोल गेला. आठवडाभर गिळून धरलेलं सगळं एकदम वर आलं. "जड कशाने व्हायचं? आम्ही पहाटे उठून घाट चढून येतो, यंदा अम्मींना या वयात इतक्या लांब बसवून आणलं. तुम्ही आमच्या आधी पोचून चहा उकळवून बसलेले असता! जवळच्यांनाच कंटाळा आला म्हणायचा. बाकूचे फोटो छान येतात म्हणे, अफीफचे काय येणार?"

मेहनाजने मान खाली घातली. शादाब उठून बसला. "भाभी..." एवढंच म्हणाला, मेहनाजने त्याच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि तो परत मागे सरकला.

वारा सुटला. मुन्नी शिंकली.

"स्वेटर कुठाय तिचा?" कुबरा उठली. तिथून उठायला तिला निमित्त हवंच होतं.

"गाडीत," मुन्नी म्हणाली. "मी दाखवते, बडी मम्मी."

*

शादाबच्या गाडीचं मागचं दार कुबराने याआधी कधी उघडलं नव्हतं. भेटायचं ते घरात, निरोप द्यायचा तो खिडकीतून. दार उघडलं आणि ती बघतच राहिली.

मागची अर्धी सीट पाडून त्यावर गादी अंथरली होती. चांगली जाड, घरची गादी, चादर खोचलेली. दोन उशा, रजई. खिडकीला सेफ्टी पिनांनी ओढणी लावलेली. एका बाजूला थर्मास, दुसरा थर्मास, पाण्याच्या बाटल्या, आणि दाराच्या कप्प्यात गुलाबी टूथब्रश.

"हे गं काय? कुणाचं अंथरूण?"

"माझं," मुन्नी गादीवर चढून बसली. "मी इथे झोपते. मम्मी पुढे बसते आणि पप्पांना झोपायला देत नाही. गाणी म्हणते. पप्पा झोपले की चिमटा काढते. मग सकाळ झाली की रियाध येतं. रियाधला मी दात घासते."

"रियाधला?"

"हो, पंपावर. मग पराठा खायचा. मग परत झोपायचं. मग अफीफ." मुन्नीने स्वेटर डोक्यातून घातला; बाहीतून हात काही निघेना. कुबराने तो ओढून काढला. हात आपले आपण काम करत होते.

रियाध.

कुबरा शहाणीसुरती बाई होती. कतीफ कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. कतीफ म्हणजे पार पलीकडचा समुद्र, रियाधच्याही पुढे. शाळेतल्या पोरालाही कळावं. शादाबची बदली सहा वर्षांपूर्वी रियाधहून कतीफला झाली हेही ठाऊक होतं. पेढे खाल्ले होते तिने त्याचे. पण अर्धी वाट म्हणजे अफीफ, हे या घरात माणसाच्या नावासारखं झालं होतं. माणसाचं बिऱ्हाड हललं म्हणून नाव कुणी बदलतं का? कादिर दोनदा कतीफशेजारच्या दम्मामला कामाला गेला तो विमानाने. बसला आणि उतरला. आणि दर सुट्टीला ही माणसं आधी येऊन बसलेली, म्हणजे जवळचीच, हे तर डोळ्यांना दिसत होतं.

रात्रभर गाडी चालवून आलेली माणसं आधी पोचतात. त्यात नवल ते काय.

"मागच्या वेळी ना," मुन्नी सांगत होती, "पप्पा झोपले आणि मम्मी चिमटा काढायला विसरली, कारण मम्मीपण झोपली. मग गाडी खडखड खडखड वाळूत गेली. समोर उंट होता. मम्मी खूप रडली. पण बडे अब्बूंना सांगायचं नाही."

कुबराने त्या पोरीला उचललं, तिचं गार नाक आपल्या गालाला लावलं आणि तिला कडेवर घेऊन आत निघाली.

*

मेहनाज स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. डोळे पुसल्याचं लपवायला तिने तोंडावर पाणी मारलं होतं. कुबराने मुन्नीला खाली ठेवलं, अंगणात पिटाळलं आणि दार लोटलं.

"मेहनाज, नळ बंद कर."

"भाभी, मला वाईट वाटलं नाही, खरंच. तुम्ही..."

"नळ बंद कर म्हणते ना."

नळ बंद झाला. कुबराने विचारायचं ठरवलं होतं शांतपणे, पण आवाज फुटला. "सहा वर्षं? सहा वर्षं तुम्ही कतीफहून इथे येताय, आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही?"

मेहनाज ओट्याला टेकली. नाकारण्यात अर्थ नव्हता. "मुन्नीने सांगितलं वाटतं."

"अगं पण का?"

"पहिल्यांदा तर तुमच्यामुळेच, भाभी." ती हळू बोलत होती, आरोप नव्हता त्यात. "आठवतंय? अब्बा गेले, त्याच वर्षी तुम्ही बाथरूममध्ये पडलात. मणक्याचं ऑपरेशन झालं. आमची बदली त्याच महिन्यातली. भाईजानचा फोन आला, सुट्टीला नेहमीसारखं अफीफ ना? हे सांगणार होते की आता मध्य पुढे सरकलाय, तुम्ही थोडं रियाधच्या बाजूला या. मीच हात धरला यांचा. म्हटलं, भाभींना गाडीत बसवत नाही, आणि तरी त्या यायचं म्हणतात. आपण जाऊ ना. एकदाच तर जायचंय."

"एकदाच!"

"मग पुढच्या खेपेला भाईजान म्हणाले, तुम्ही आधी पोचता, मजा आहे. तेव्हा काय सांगणार? हे म्हणाले, आता सांगितलं तर भाईला लागेल, तो उगाच स्वतःला खात बसेल. आधीच अब्बांचं दुःख. मग राहिलं ते राहिलंच. आणि खरं सांगू? मला इथे यायला आवडायचं. तुमची सांदणं, अंगणातल्या गप्पा. पण आता यांना झेपत नाही. गुरुवारची ड्युटी करून रात्री निघायचं. मागच्या खेपेला..." ती थांबली.

"उंट," कुबरा म्हणाली.

"हो."

"आणि तू बाकू बाकू करत होतीस..."

"मला काय करायचंय बाकू, भाभी? मला थंडी सोसत नाही. विमान असलं की हे चालवणार नाहीत, एवढंच. आणि सगळे बरोबर राहतील."

आठवड्याभरात कुबराने या पोरीबद्दल मनात काय काय म्हणून घेतलं होतं; शिष्ट, फोटोवाली, हात सोडवून घेणारी. आणि हिने हात सोडला नव्हताच. ऑपरेशननंतर दर सुट्टीला सगळे म्हणायचे, कुबराने हिंमत केली हो, एवढा प्रवास केला. कुबरालाही तसंच वाटायचं.

"मला सहा वर्षं पाठीवर घेऊन चाललीस गं तू," ती म्हणाली. "आणि मला पत्ता नाही." तिने मेहनाजचे ओले हात धरले आणि दोन्ही डोळ्यांना लावले. "अल्लाहने बहीण दिली नाही म्हणून मी किती वर्षं कुरकुर केली. माफ कर मला. अल्लाह तुझं भलं करो."

"भाभी, साबण आहे हाताला," मेहनाज रडता रडता हसली. "डोळे झोंबतील."

झोंबलेच. त्यामुळे दोघींनाही मनसोक्त रडता आलं, आणि कुणी विचारलंच तर साबणावर ढकलायची सोय झाली.

*

अंगणात कादिर अजून कपाकडे बघत होता. शादाब फरशीवर बोटाने रेघा ओढत होता. कुबराने आडवळण घेतलं नाही.

"अहो, आपण जेद्दाहून इथे सकाळी निघून दुपारच्या आत पोचतो. हे लोक कतीफहून आदल्या रात्री निघतात. रियाध यांना मधे लागतं. सहा वर्षं."

कादिरने आधी हसून बघितलं, जणू चेष्टा चाललीय. मग झयानने मोबाईलवर नकाशा उघडला, त्याचे डोळे मोठे झाले, आणि त्याने मोबाईल बापासमोर धरला. कादिरने त्या निळ्या रेघेवरून बोट फिरवलं. एका बाजूची आखूड. दुसऱ्या बाजूची संपता संपेना.

"गाढवा," तो शेवटी शादाबला म्हणाला. "मी दर खेपेला तुला जवळचा, जवळचा म्हणून चिडवतोय आणि तू हसतोस? तोंडाला कुलूप लावलं होतंस का?"

"राहू दे ना, भाई. गाडी चालवायला मला आवडतं."

"आवडतं! मेहनाज, हा झोपतो ना गाडीत?"

मेहनाजने शादाबकडे बघितलं आणि मग सगळं सांगितलं. वाळू, उंट, सगळं. सांगून झाल्यावर कादिर उठला, शादाबच्या शेजारी फरशीवर बसला आणि त्याच्या गळ्यात हात टाकला. मग त्याने तोंड भावाच्या खांद्यात लपवलं. मेहेकने बापाला रडताना कधी बघितलं नव्हतं.

"मला तर काहीच ठाऊक नव्हतं रे," अम्मी म्हणाल्या. अब्बांच्या मागे त्या पहिल्यांदाच सौदीला आल्या होत्या. महिनाभर जेद्दात राहिल्या, आता शादाबबरोबर जायच्या होत्या. "तुमच्या अब्बांनी अर्धी वाट सांगितली होती. अफीफ नव्हतं सांगितलं. ते असते ना, तर आधी तुला बोलले असते कादिर, की मोठा होऊन एकदा विचारलं नाहीस. मग याला बोलले असते, की सांगितलं नाहीस. आणि मग दोघांना जेवायला बसवलं असतं."

"जेवण झालं, दादी," झयान म्हणाला.

"मग चहा कर."

चहा झयाननेच केला, साखर विसरला, आणि तरीही सगळ्यांनी प्यायला. चहा पिता पिता ईदची सुट्टी ठरली, तीही मुन्नीने ठरवली. ती म्हणाली, आमच्याकडे या, आमच्या घरी समुद्र आहे. शादाब म्हणाला, कतीफहून बहरीनचा पूल किती लांब? जेवून निघालं तर चहाला पलीकडे.

"टेक्निकली इट्स इंटरनॅशनल," झयानने मान्य केलं.

"स्लाइड आहे का तिथे?" मेहेकने विचारलं. आहे म्हटल्यावर तिने पक्ष पक्का केला.

"बहरीनला आपला कोण बसलाय?" कुबराने नवऱ्याला मुद्दाम विचारलं.

"अलीकडे भाऊ बसलाय की," कादिर म्हणाला. "ईदला आम्ही येणार. पूर्ण वाट, आम्हीच. आणि तुम्ही जेद्दाला याल तेव्हा विमानाने, खलास. पुढे कुणी अर्ध्या वाटेचं नाव काढलं तर बघा." मग त्याने शादाबपुढे हात पसरला. "चावी दे."

"कसली?"

"तुझ्या गाडीची. उद्या सकाळी तुझी गाडी मी चालवणार. तू मागे गादीवर झोपायचं. मी साहेबांना फोन करतो, दोन दिवस उशिरा येईन म्हणून."

"आणि तुझी गाडी?"

कादिरने बायकोकडे बघितलं. कुबराकडे लायसन्स होतं, पण त्यावर आजवर फक्त शाळा आणि सुपरमार्केट झालं होतं. कादिर तिला 'तिसरा गिअर' म्हणून चिडवायचा. आज चिडवलं नाही.

"जमेल ना?"

"न जमायला काय झालं," कुबरा म्हणाली. "पाठ बरी झालीय माझी. सहा वर्षं झाली."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्तराहाच्या फाटकातून दोन्ही गाड्या निघाल्या, तेव्हा कुबराचा हात सवयीने जेद्दाच्या बाजूला वळायला निघाला होता. मेहेक किंचाळली, "मम्मी, इकडे नाही!" कुबराने गाडी सावरली आणि पूर्वेला घेतली. पुढे कादिर शादाबची गाडी हाकत होता. मागच्या काचेतून ओढणीच्या फटीत शादाबचा झोपलेला पाय दिसत होता, या वेळी बूट काढून. कुबराच्या शेजारी मेहनाज बसली होती, मागे अम्मी नि मेहेकच्या मधे मुन्नी, कारण ती बडी मम्मीच्याच गाडीत बसायचं म्हणून रडली होती. झयान पुढच्या गाडीत बापाशी बोलत होता, बाप झोपू नये म्हणून.

रस्ता सरळ होता, आणि संपत नव्हता. कुबरा आधी घाबरत घाबरत चालवत होती, मग दुआ पुटपुटत, मग नुसतीच. मेहनाज तिला संत्र्याच्या फोडी सोलून देत होती. ट्रक जाताना गाडी हलायची. वारा वाळू आणून रस्त्यावर टाकायचा. तासांमागून तास तोच माळ, त्याच तारा, तीच पिवळी जमीन. पाठ दुखायला लागली तेव्हा कुबराने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. या रस्त्याने ही पोरगी रात्री, काळोखात, गाणी म्हणत, चिमटे काढत आली होती. एकदा नाही, दर सुट्टीला. आणि वर पोचून चहा टाकला होता.

"दमलात का?" मेहनाजने विचारलं.

"नाही गं. बरं वाटतंय," कुबरा म्हणाली, आणि ते खरं होतं.

दुपार कलता कलता रियाध आलं. पंपावर गाड्या थांबल्या. मुन्नी उडी मारून उतरली, पुढच्या गाडीच्या दारातून गुलाबी ब्रश काढला आणि नळाकडे पळाली.

"या वेळी कुणी दात घासतं का गं?" कादिरने विचारलं.

"रियाधला घासायचे असतात," मुन्नी म्हणाली, जणू एवढंही कसं माहीत नाही.

कुबराने पिशवीतून आपला ब्रश काढला. मेहेकने काढला. झयानने आधी डोळे फिरवले आणि मग काढला. ट्रकवाले थांबून बघायला लागले, आणि ते अख्खं कुटुंब पंपाच्या नळाशी ओळीने उभं राहून दात घासत होतं. अम्मी दाताची कवळी हातात घेऊन हसत होत्या. शादाब झोपेतून उठून, केस विस्कटलेले, गाडीच्या दाराशी उभा राहून भावाकडे बघत होता.

कुबराची कंबर आता ठणकत होती. तिने नळाच्या कठड्याला हात टेकला आणि फेसाळ तोंडाने मुन्नीला विचारलं, "अजून किती लांब आहे गं तुमचं घर?"

मुन्नीने चूळ भरली, स्वेटरच्या बाहीला तोंड पुसलं आणि पुढच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

"आत्ता तर अर्धी वाट झाली, बडी मम्मी."